रुग्णशय्येजवळची परीक्षा
उपनगरातील वैद्यकीय शिक्षण आणि मूल्यमापनाची नवी दिशा

परीक्षेत जे विचारले जाते तेच विद्यार्थी मन लावून शिकतो, ही गोष्ट शिक्षकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पाठांतराला गुण असतील तर विद्यार्थी पाठ करतो. प्रयोगाला गुण असतील तर त्याची पावले प्रयोगशाळेकडे वळतात. वैद्यकीय शिक्षणालाही हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच की, येथे परीक्षेत राहून गेलेल्या उणिवेची किंमत पुढे रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच उद्याच्या डॉक्टरची परीक्षा कशी घ्यावी हा प्रश्न केवळ विद्यापीठाचा किंवा प्राध्यापकांचा राहत नाही. ज्या ज्या कुटुंबाला कधी ना कधी दवाखान्याची पायरी चढावी लागते, त्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

आपल्या देशात ऑगस्ट २०१९ मध्ये एम.बी.बी.एस.ला प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येते, हे तपासणे हा या अभ्यासक्रमाचा गाभा होय. हा बदल नेमका काय आहे, तो कशामुळे आवश्यक ठरला आणि तो यशस्वी होण्यासाठी काय लागते, हे मुंबईच्या उपनगरांच्या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरेल.

उपनगरातील महाविद्यालय

मुंबईत आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा पाया १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्थापनेने घातला गेला. त्यानंतर १९२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेच पुढे नायर रुग्णालयाशी निगडित टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. परळ येथे १९२६ मध्ये के.ई.एम. रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तर १९६४ मध्ये शीव येथे लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. या सर्व संस्था जुन्या मुंबई शहराच्या हद्दीत होत्या.

लोकवस्ती मात्र उत्तरेकडे सरकत गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११ होती, तर अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांच्या उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. म्हणजेच मुंबईच्या दर चार रहिवाशांपैकी तीन उपनगरांत राहत होते. घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, कांदिवलीचे शताब्दी, मुलुंडचे अगरवाल ही महानगरपालिकेची रुग्णालये या लोकांवर उपचार करीत होती. एम.बी.बी.एस.चे महानगरपालिकेचे महाविद्यालय मात्र उपनगरांत नव्हते.

ही उणीव २०१५ साली दूर झाली. विलेपार्ले-जुहू परिसरातील डॉ. रु. न. कूपर रुग्णालयाला जोडून हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महानगरपालिकेचे हे चौथे वैद्यकीय महाविद्यालय. नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे.

उपनगरातील रुग्णालय हे शिक्षणाच्या दृष्टीने एक वेगळेच पुस्तक आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून पाठविलेले गुंतागुंतीचे आजार परळ किंवा भायखळ्याला अधिक पाहावयास मिळतात. उपनगरी रुग्णालयात ताप, खोकला, बाळंतपण, मधुमेह, रस्त्यावरील आणि रेल्वेमार्गावरील अपघात असे नित्याचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या बहुतेक डॉक्टरांना आयुष्यभर अशाच रुग्णांची सेवा करावयाची असते. तेव्हा नित्याचा आजार नीट ओळखता येतो की नाही, हीच त्यांची खरी कसोटी ठरते.

ठाऊक असणे आणि विचारणे

एक उदाहरण घेतल्यास मुद्दा स्पष्ट होईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला आणि या रोगाचे नाव सर्वसामान्यांच्या तोंडी आले. उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्रातून या रोगाचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि त्वचेवरील जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतात. वेळीच औषध मिळाले तर रुग्ण बरा होतो. विलंब झाल्यास मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसे यांना गंभीर इजा पोचू शकते.

लेखी परीक्षेत या रोगावर टिपा लिहा असा प्रश्न आला, तर अभ्यासू विद्यार्थी पानभर उत्तर लिहील. परंतु जुलै महिन्यात तापाने फणफणलेला एखादा हातगाडीवाला बाह्यरुग्ण विभागात येतो, तेव्हा त्याच्या कपाळावर रोगाचे नाव लिहिलेले नसते. त्याला ताप आहे, अंग दुखते आहे, एवढेच तो सांगतो. अशा वेळी ‘चार-आठ दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालत गेला होतात का?’, ‘पायाला काही जखम आहे का?’ हे दोन प्रश्न विचारण्याचे ज्याला सुचते आणि जो खाली वाकून त्या माणसाचे पाय पाहतो, पोटरीचे स्नायू दाबून पाहतो, डोळ्यांतील लाली टिपतो, त्यालाच ते ज्ञान खऱ्या अर्थाने आले असे म्हणता येईल. टीप लिहिणारा विद्यार्थी हे सर्व करीलच, अशी हमी कोणतीही उत्तरपत्रिका देऊ शकत नाही.

अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली हाच फरक एका त्रिकोणाच्या रूपाने मांडला. त्रिकोणाच्या पायथ्याशी ‘ठाऊक असणे’, त्यावर ‘कसे करावे हे ठाऊक असणे’, त्याहून वर ‘करून दाखविणे’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्ष कामात करणे’ अशा या चार पायऱ्या आहेत. लेखी परीक्षा फार तर खालच्या दोन पायऱ्यांपर्यंत पोचते. वरच्या दोन पायऱ्यांसाठी परीक्षकाला विद्यार्थ्याजवळ आणि विद्यार्थ्याला रुग्णाजवळ उभे राहावे लागते. भारतातील नव्या अभ्यासक्रमातही प्रत्येक क्षमतेसमोर ती कोणत्या पायरीपर्यंत यावयास हवी, याची नोंद केलेली आहे.

जुनी पद्धत : गुण आणि दोष

जुन्या पद्धतीत रुग्णाजवळची परीक्षा नव्हतीच, असे मात्र नाही. अंतिम परीक्षेत विद्यार्थ्याला एक ‘दीर्घ’ आणि काही ‘लघु’ रुग्ण तपासावयास देण्याची परंपरा जुनी आहे. विद्यार्थी रुग्णाची हकिगत ऐकतो, तपासणी करतो आणि नंतर परीक्षकांसमोर आपला निष्कर्ष मांडतो. संपूर्ण माणसाचा एकत्रित विचार करावयास लावणारी ही परीक्षा आजही मोलाची आहे.

तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली अशी की, विद्यार्थी रुग्णाशी बोलत असताना आणि त्याला तपासत असताना परीक्षक बहुधा तेथे नसत. ते निष्कर्ष ऐकत. तो कसा काढला गेला हे पाहत नसत. दुसरी उणीव समानतेची. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सरळ आजाराचा आणि बोलका रुग्ण येई, तर दुसऱ्याच्या वाट्याला गुंतागुंतीचा आणि त्रासलेला. परीक्षकही वेगवेगळे असत. त्यामुळे गुणांमध्ये नशिबाचा भाग राहून जाई.

या उणिवांवर उपाय म्हणून स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक नवी परीक्षापद्धती प्रसिद्ध केली. ‘ऑस्की’ या संक्षिप्त नावाने ती आज जगभर ओळखली जाते. तिची रचना सोपी आहे. एका दालनात ओळीने काही थांबे मांडलेले असतात. एका थांब्यावर रक्तदाब मोजावयाचा असतो. दुसऱ्यावर क्ष-किरण चित्र वाचावयाचे असते. तिसऱ्यावर जुलाब झालेल्या बाळाच्या आईला क्षारसंजीवनीचे पाणी कसे करावे व कसे पाजावे हे समजावून सांगावयाचे असते. प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटे मिळतात. घंटा झाली की विद्यार्थी पुढच्या थांब्यावर जातो. सर्वांना तीच कामे आणि तोच वेळ मिळतो. परीक्षकाच्या हाती आधीच ठरविलेली पडताळणी यादी असते. हात धुतले का, रुग्णाला आपले नाव सांगितले का, पट्टा योग्य ठिकाणी बांधला का, अशा एकेका कृतीची तो नोंद करतो.

या पद्धतीने नशिबाचा भाग बराच कमी झाला. तथापि तिलाही मर्यादा आहेत. पडताळणी यादी पाठ करून यंत्रवत कृती करणारा विद्यार्थी चांगले गुण मिळवून जाऊ शकतो, आणि माणसाचे तुकडे पाडून तपासण्याची सवय लागण्याचा धोकाही असतो. म्हणून दीर्घ रुग्णाची परीक्षा आणि थांब्यांची परीक्षा या दोन्ही परस्परांना पूरक मानणे इष्ट होय.

वर्षभर चालणारे मूल्यमापन

शालेय शिक्षकांना ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हे शब्द परिचित आहेत. राज्यातील प्राथमिक शाळांमध्ये २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, तेव्हापासून ते रूढ झाले. वैद्यकीय शिक्षणातही हाच विचार आता महत्त्वाचा मानला जातो. अखेरच्या परीक्षेने विद्यार्थी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरते. परंतु चुका सुधारण्याची वेळ तोपर्यंत निघून गेलेली असते. चूक ज्या दिवशी झाली त्याच दिवशी ती दाखवून देणारे मूल्यमापन खऱ्या अर्थाने शिकविणारे असते.

अमेरिकेत जॉन नॉर्सिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सुचविलेली एक रीत या दृष्टीने उपयुक्त आहे. तीत शिक्षक रुग्णकक्षात विद्यार्थ्याजवळ थांबून तो रुग्णाशी कसा बोलतो व त्याला कसा तपासतो हे थोडा वेळ पाहतो आणि लगेच त्याला बाजूला घेऊन चांगले काय झाले व काय सुधारावयास हवे हे सांगतो. यासाठी वेगळे सभागृह लागत नाही, प्रश्नपत्रिका लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ आणि त्याचे लक्ष.

नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याची लॉगबुक या नावाने ओळखली जाणारी नोंदवही असते. कोणते कौशल्य कधी केले, ते समाधानकारक झाले की पुन्हा करावयास हवे, हे शिक्षकाने तीत स्वाक्षरीसह नोंदवावयाचे असते. व्याख्यानांचा वाटा एकूण वेळेच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावा आणि उरलेला वेळ प्रात्यक्षिके, गटचर्चा व रुग्णकक्षातील काम यांना द्यावा, अशी अपेक्षा आहे. पहिल्याच वर्षापासून विद्यार्थ्याची रुग्णाशी ओळख करून दिली जाते. सुई टोचणे, टाके घालणे, बंद पडलेले हृदय सुरू करण्याचा प्रयत्न करणे यांसारख्या कृती आधी कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यांवर शिकविल्या जातात. नवशिक्याच्या हाताचा पहिला थरथराट रुग्णाच्या वाट्याला येऊ नये, हा त्यामागील साधा हेतू आहे.

या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी प्रथम वर्षात असतानाच मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे वर्ग बंद झाले. शिक्षण काही काळ संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चालले. पडद्यावरून व्याख्यान देता येते. नाडीचा ठोका बोटांना कसा लागतो हे शिकविता येत नाही. रुग्णकक्षाला पर्याय नाही, ही जुनीच गोष्ट त्या काळाने पुन्हा अधोरेखित केली.

रुग्णाची भाषा, रुग्णाचा मान

वैद्यकाचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत असते. रुग्णाची वेदना इंग्रजीत नसते. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील रुग्ण मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, तमिळ अशा अनेक भाषा बोलतात. ‘पोटात कळ येते’, ‘पोट गच्च झाले आहे’ आणि ‘पोटात आग पडते’ या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. हा फरक ज्याच्या कानाला कळत नाही, त्याचे निदान पहिल्या वाक्यालाच चुकण्याचा संभव असतो. म्हणूनच प्रथम वर्षाच्या आरंभी होणाऱ्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेच्या परिचयाला स्थान दिलेले आहे.

त्याच्याच जोडीला वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद या विषयांची स्वतंत्र घटकमाला अभ्यासक्रमात आली आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराकडून पाच भूमिका अपेक्षित होत्या. तो उत्तम उपचारक असावा, आरोग्यपथकाचा नेता व सदस्य असावा, संवादकुशल असावा, आजन्म शिकणारा असावा आणि आपल्या व्यवसायाशी प्रामाणिक असावा. यांतील पहिली भूमिका सोडली तर बाकीच्या चार केवळ लेखी प्रश्नपत्रिकेने तपासता येत नाहीत, हे सहज लक्षात येईल. वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगावी, शस्त्रक्रियेस संमती घेताना धोके कसे समजवावेत, हे पाहिल्याशिवाय त्याला गुण देता येत नाहीत.

येथे रुग्णाच्या हक्काचाही विचार केला पाहिजे. महानगरपालिकेच्या रुग्णालयात खाटेवर असलेला माणूस बहुधा गरीब असतो. त्याच्या गरिबीमुळे तो शिकविण्याचे साधन ठरत नाही. त्याची परवानगी घेणे, पडदा ओढणे, खाटेभोवती गर्दी न करणे, थकलेल्या रुग्णाला पुन्हापुन्हा न तपासणे आणि शेवटी त्याचे आभार मानणे हा शिष्टाचाराचा नव्हे, तर अभ्यासक्रमाचा भाग आहे. स्त्री-रुग्णाच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. शिक्षक स्वतः रुग्णाशी कसा वागतो याकडे विद्यार्थ्याचे बारीक लक्ष असते, हेही विसरून चालणार नाही.

शिक्षकांचे शिक्षण

उत्तम शल्यविशारद हा आपोआप उत्तम शिक्षक होत नाही. शिकविणे आणि तपासणे ही स्वतंत्र विद्या आहे व तीही शिकावी लागते. या बाबतीत मुंबईला एक मानाचे स्थान आहे. आरोग्यशिक्षणातील अध्यापकांना नेतृत्व व शिक्षणपद्धतीचे प्रशिक्षण देणाऱ्या फेमर या आंतरराष्ट्रीय संस्थेचे पहिले प्रादेशिक केंद्र २००५ साली परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी शिक्षणतंत्राचे पायाभूत प्रशिक्षणवर्ग देशभर घेतले जातात. प्रश्न कसा काढावा, पडताळणी यादी कशी करावी, विद्यार्थ्याला न दुखविता पण स्पष्टपणे त्याची चूक कशी सांगावी, याचे पाठ त्यांत असतात.

परिचर्या शिक्षणातही हा विचार पोचला आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची सत्रपद्धतीनुसार क्षमताधिष्ठित पुनर्रचना केली. रात्रपाळीला रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ परिचारिकाच असते. तेव्हा तिचे कौशल्यही तितक्याच काटेकोरपणे तपासले जाणे आवश्यक आहे.

अडचणी आणि त्यांची जाणीव

नवी पद्धत कागदावर जितकी सुबक दिसते तितकी ती राबविणे सोपे नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना एका विद्यार्थ्याजवळ पंधरा मिनिटे थांबणे शिक्षकाला जड जाते. प्रवेशसंख्या वाढली आणि त्या प्रमाणात अध्यापकांची पदे भरली गेली नाहीत, तर निरीक्षणाची जागा पुन्हा अंदाज घेतो. नोंदवहीतील वर्षभराच्या स्वाक्षऱ्या शेवटच्या आठवड्यात एकदम घेतल्या गेल्या, तर ती नोंदवही मूल्यमापनाचे साधन न राहता कारकुनी काम बनते. आपल्या चांगल्या विद्यार्थ्याला ‘अजून जमत नाही, पुन्हा कर’ असे सांगण्याचा संकोचही अनेकदा आड येतो. परंतु हा संकोच शेवटी कोणाला भोवतो याचा विचार केला, तर तो सोडणेच श्रेयस्कर ठरते. आज महाविद्यालयात ऐकावे लागलेले ‘पुन्हा कर’ हे शब्द उद्याचा एखादा अनर्थ टाळू शकतात.

म्हणून अध्यापकांची पदे वेळेवर भरणे, त्यांना शिकविण्यासाठी राखीव वेळ देणे आणि कौशल्य प्रयोगशाळेतील साहित्य चालू स्थितीत ठेवणे या प्रशासकीय बाबी शिक्षणाच्या गुणवत्तेशी थेट निगडित आहेत, हे संबंधित अधिकाऱ्यांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

गावाचा वाटा

उपनगरातील महाविद्यालयाशी दूरच्या ग्रामपंचायतीचा काय संबंध, असा प्रश्न कोणाला पडेल. संबंध जवळचा आहे. वैद्यकीय शिक्षण रुग्णालयाच्या चार भिंतींत पूर्ण होत नाही. मालाडच्या मालवणी वस्तीतील नागरी आरोग्य केंद्रात परळच्या महाविद्यालयाचे आणि धारावीतील केंद्रात शीवच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी लोकांच्या दारापर्यंत जाऊन शिकत आले आहेत. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला नागरी केंद्राप्रमाणेच ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही असावे लागते. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक योजनेचा समावेश अभ्यासक्रमात केला. तीनुसार विद्यार्थ्याने काही कुटुंबांशी शिक्षणकाळात सातत्याने संपर्क ठेवावयाचा असतो. आंतरवासितेच्या वर्षातही ग्रामीण भागातील सेवेचा काळ असतो. शासकीय व महानगरपालिकेच्या महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्यांना बंधपत्रानुसार एक वर्ष शासनाची सेवा करावयाची असते. विलेपार्ल्याच्या रुग्णकक्षात आज ज्याची परीक्षा चालली आहे, तोच उद्या एखाद्या दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता सर्पदंशाच्या रुग्णासमोर एकटा उभा असेल. त्या वेळी त्याला विचारावयास जवळ प्राध्यापक नसतील.

पंचायत सदस्यांना या शिक्षणात हातभार लावता येण्यासारखा आहे. गावात येणाऱ्या विद्यार्थ्यांची घरोघरी ओळख करून देणे, आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्याशी त्यांची गाठ घालून देणे, पाण्याचा स्रोत, गटारे, कुपोषित बालके यांची खरी माहिती त्यांना दाखविणे, आणि त्यांचे वागणे-बोलणे लोकांना कसे वाटले हे आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास मोकळेपणाने कळविणे एवढे केले तरी पुष्कळ होईल. लोकांचा अभिप्राय हाही मूल्यमापनाचाच एक प्रकार आहे, आणि तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत सापडत नाही.

ज्ञान, कौशल्य आणि माणुसकी या तिन्हींची पारख करणारी परीक्षा घेणे हे कष्टाचे काम आहे. त्यासाठी शिक्षकाचा वेळ, प्रशासनाचे पाठबळ, रुग्णाची संमती आणि समाजाचे सहकार्य या चारही गोष्टी एकत्र याव्या लागतात. त्या जितक्या प्रमाणात एकत्र येतील, तितक्या प्रमाणात पदवीच्या कागदावरील शिक्का विश्वासार्ह ठरेल आणि आजारी माणसाला डॉक्टरच्या हाती निर्धास्तपणे हात देता येईल.